गोमुखाचं पाणी आणि आवडीचा प्रश्न

एकदा काय झालं, बरं का, एका गावाचं पाणी रुसलं.

डोंगराच्या पायथ्याशी होतं ते गाव. वर डोंगरात एक काळोखी कपार होती आणि कपारीत झरा. झऱ्याचं पाणी दगडी पाटातून खाली यायचं आणि झरणाईच्या देवळापाशी गोमुखातून पडायचं. सगळं गाव तेच पाणी प्यायचं.

एका उन्हाळ्यात गोमुखाची धार जराशी बारीक झाली. लोक म्हणाले, झरणाई रागावली. मग घरटी एक नारळ वर नेऊन कपारीत वाहिला. वाहणाऱ्यानं आत डोकावायचं नाही, मागे वळून न बघता उतरायचं, अशी रीत होती. धार आणखी बारीक झाली. मग घरटी दोन नारळ वाहिले. धार करंगळीएवढी झाली. मग घरटी तीन. आणि चौथ्या दिवशी गोमुख कोरडं पडलं.

एका घरचे नारळ तेवढे राहिले होते. येसू सुईणीचे. ती पलीकडच्या वाडीत एका अडलेल्या बाईपाशी बसून होती. पण ते कोण लक्षात घेतो? पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "येसूनं नारळ चुकवला." पारावर पोचेपर्यंत त्याचं झालं, "येसूनं देवीचा अपमान केला." आणि गावच्या प्रमुखाच्या, गावकराच्या ओटीवर, "येसूनंच करणी करून पाणी बांधलं!" गोष्ट तीच. तीन तोंडांतून गेली आणि केवढी झाली, बघा.

येसूला एक मुलगी होती, आवडी. मोठी अबोल. चार माणसांत तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पण तिचं सगळीकडे लक्ष असायचं.

मग गावकरानं ठरवलं, देवीला कौल लावायचा. म्हणजे काय, तर देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि जी पाकळी आधी गळेल ते देवीचं उत्तर. येसू दोषी ठरली तर दिवस मावळायच्या आत तिनं गाव सोडायचं. एकटीनं. आवडी मामाकडे राहील.

सकाळी सगळे देवळात जमले. धाकू गुरवानं पाकळ्या लावल्या. गावकर हात जोडून म्हणाला, "आई झरणाई, येसूनं हे एकटीनं केलं असेल तर उजवी दे. कोणाच्या संगतीनं केलं असेल तर डावी दे."

पाकळी हलली नाही.

मग दुसऱ्यांदा विचारलं. वारा आला, समई फडफडली, पण पाकळी हलली नाही. मग तिसऱ्यांदा विचारलं. पाकळ्या सुकून कोमेजल्या, तरी एकही गळेना. लोक घाबरले. धाकूच्या कपाळाला घाम फुटला.

आवडीनं आईचा हात धरला होता. तो गार पडला होता. तिनं मनातल्या मनात तो प्रश्न एकदा उजवीकडून तपासला, एकदा डावीकडून.

"देवी काय सांगणार?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की धाकूनं विचारलं, "काय गो? मोठ्यानं बोल."

"उजवी पडली तरी आईच. डावी पडली तरी आईच. आईनं केलंच नसेल, तर देवीनं पाकळी टाकायची कुठली?"

"सुईणीच्या पोरीला वाचा फुटली वाटतं!" कोणीतरी मागून म्हणालं. पण हसलं कोणीच नाही.

धाकू गुरव म्हातारा होता. त्यानं सुकलेल्या पाकळ्या काढल्या. मग त्यानं नव्या पाकळ्या लावल्या आणि स्वतः विचारलं, "आई, येसूनं केलं असेल तर उजवी दे. नसेल तर डावी दे."

शब्द संपायच्या आत डावी पाकळी गळली.

"वाऱ्यानं पडली," गावकर म्हणाला. "येसूनं नाही, तर मग केलं कोणी?"

"कोणी केलं ते मागून बघू, काका," आवडी म्हणाली. "पाणी अडलंय कुठे, ते आधी बघू या."

मग सगळे डोंगर चढले. कपारीपाशी येऊन थबकले. आत बघायचं कोणी? सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"न बघायची रीत नारळ वाहणाऱ्याला," आवडी म्हणाली. "आमच्या घरचा नारळ तर वाहिलाच नाही."

ती वाकली. तिनं डोळे उघडे ठेवले. आधी काळोख दिसला. मग पाणी चकाकलं. आणि मग पाटाच्या तोंडाशी दिसले नारळच नारळ! तरंगत आलेले, एकमेकांत घट्ट रुतलेले. पाणी पलीकडून रानात वाहून चाललं होतं.

बायकापुरुष सगळे रांगेनं उभे राहिले. ज्या हातांनी नारळ टाकले होते त्याच हातांनी ते काढले. मग पाटातून पाणी खळाळत खाली गेलं.

दुपारी गावकर पहिली घागर भरून स्वतः येसूच्या दारात आला. त्यानं घागर ठेवली. मान वर होईना त्याची.

येसूनं त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "उन्हातून आलात. बसा, गूळ-पाणी घ्या."

गावकर बसला. आवडीनं त्याला पाणी दिलं.

त्यानंतर ते गाव पुष्कळ वर्षं सुखानं नांदलं. गोमुख वाहत राहिलं. ते अजून वाहतंय, बाळांनो. आता डोळे मिटा, म्हणजे ऐकू येईल.