राहीआईचं मागणं

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा दर दहा कोसांवर राजा बदलत असे, पण पाण्याची वणवण मात्र सगळ्या राजांच्या राज्यात सारखीच असे.

अशाच एका खडकाळ मुलखात, डोंगराच्या पायथ्याशी, एक गाव होतं. गावाला विहीर एकच. पावसाळ्यात ती काठोकाठ भरायची आणि होळी झाली की बायका तिच्या तळातलं गढूळ पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या.

त्या गावात राही नावाची सुईण होती. पंचविशीच्या आतलं गावातलं प्रत्येक माणूस तिच्याच हातांवर जन्मलं होतं. म्हणून सगळे तिला राहीआई म्हणत. ती वाटेनं निघाली की पोरं तिच्या लुगड्याला लोंबकळत. मग ती एकेकाला सांगे, "तू पायाळू. आणि तू जन्मलास तेव्हा रडलाच नव्हतास, चांगली पाठ थोपटली तेव्हा कुठं टाहो फोडलास!" पोरांना ते कितीदाही ऐकायला आवडे.

पण दर पावसाळ्यात गावात हगवणीची साथ येई आणि चार-पाच लेकरं घेऊन जाई. गाव म्हणे, देवीचा कोप. नवस बोलले जात, कोंबडी कापली जाई. राहीआई घरोघर जाऊन आजारी लेकरांच्या उशाशी बसे. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून त्यांच्या सुकलेल्या ओठांवर पिळी. तरी लेकरं जातच.

एका आषाढात डोंगरावरच्या धनगरवाड्यातून निरोप आला, एक बाई अडली आहे. राहीआई डोंगर चढून गेली. बाळंतीण सुखरूप सुटली, पण पावसानं वाट खचली आणि राहीआईला आठ दिवस वाड्यावरच राहावं लागलं.

तिथं तिला एक नवल दिसलं. त्या लोकांकडे खायला गावापेक्षा कमी होतं, पण एकही लेकरू आजारी नव्हतं.

"तुमच्याकडे साथ येत नाही?" तिनं एका म्हाताऱ्या धनगरणीला विचारलं.

"आमचा झरा निर्मळ आहे, बाई," म्हातारी म्हणाली. "झऱ्याच्या वरच्या अंगाला आम्ही मेंढरूसुद्धा बसू देत नाही, मग माणसाचं काय! आमचा परसाकडला बसायचा आडोसा खालच्या अंगाला, झऱ्यापासून लांब. खड्डा खणायचा, वर रोज राख नि माती टाकायची. भरला की बुजवायचा आणि दुसरा खणायचा. आणि वरच्या उतारावर हे दगड रचलेत ना आडवे, त्यांनी पाणी थांबतं. थांबलेलं पाणी मुरतं, म्हणून झरा उन्हाळ्यातही आटत नाही."

राहीआईनं कड्यावरून खाली पाहिलं. गाव दिसलं, विहीर दिसली. विहिरीच्या वर तो उतार होता, जिथं सगळं गाव रोज पहाटे तांब्या घेऊन जात असे. पावसाचे ओहोळ त्या उतारावरून वाहत थेट विहिरीत उतरत होते.

तिनं त्या ओहोळांकडे बोट दाखवलं.

"तेच पाणी," ती पुटपुटली. "बोळ्यानं मीच पाजत होते गं. माझ्याच हातांनी!"

धनगरणीनं तिला जवळ ओढलं. "तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय. रडून घे, आणि मग खाली जा."

राहीआई खाली आली ती तडक चावडीवर गेली. तिनं पाहिलेलं सगळं सांगितलं. माणसं माना खाली घालून हसली. पाटील तर संतापला. तो म्हणाला, "असल्या गोष्टी चावडीवर बोलायच्या असतात का? वाडवडील त्याच उतारावर जात आले. लाज नाही वाटत?"

राहीआई चावडीवरून निघाली. घरी येऊन तिनं आपल्याच परसात खड्डा खणला आणि भोवती कुडाचा आडोसा उभा केला.

पंधरा दिवसांनी कुंभाराची बायको बाळंत झाली. रिवाजाप्रमाणे कुंभारानं सुईणीसाठी लुगडं-चोळी पुढे केली. राहीआईनं ती परत दिली.

"मला लुगडं नको. माझ्या परसात आहे तसा खड्डा खण, विहिरीपासून लांब, खालच्या अंगाला. आणि बारशाला जे येतील त्यांना सांग, झबलं-टोपडं नको, विहिरीवरच्या उतारावर पाच-पाच दगड लावून जा."

कुंभाराला हसू आलं, पण सुईणीचं मागणं मोडायचं कसं? त्यानं खड्डा खणला. पुढं सुताराकडे मुलगा झाला, मग न्हाव्याकडे जुळं. राहीआईचं मागणं ठरलेलंच. वर्षभरात सतरा घरी आडोसे झाले आणि उतारावर दगडांची एक वेडीवाकडी ओळ उभी राहिली.

तरीही पावसाळ्यात साथ आलीच. पहिलं गेलं ते कुंभाराचं बाळ.

कुंभार तिच्या दारात येऊन ओरडला, "काय उपयोग झाला तुझ्या खड्ड्याचा?"

राहीआईच्या डोळ्यांना धार लागली. "लेका, तुझा खड्डा तुझ्या परसात आहे. पण विहीर सगळ्या गावाची आहे. अर्धं गाव अजून उतारावरच जातंय."

कुंभार तिच्या उंबऱ्यावर बसला. राहीआईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो उठला आणि दगड उचलायला उतारावर गेला.

त्या हिवाळ्यात पाटलाची सून मंजुळा बाळंत झाली. आधीची तिची दोन्ही मुलं साथीत गेली होती. या वेळी मुलगी झाली. पाटील आनंदानं म्हणाला, "राहीआई, माग. सोन्याचं कडं देतो."

"माझं मागणं तुम्हाला ठाऊक आहे, पाटील."

पाटलाचा चेहरा उतरला. "पाटलाच्या घरच्या बायकांनी खड्ड्यावर जायचं? लोक काय म्हणतील?"

"आता त्या अंधारात, विंचवाकाट्यात जातात. दिवसभर पोट धरून बसतात. त्याला लोक काय म्हणतात?"

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. मंजुळा सासऱ्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. आताही तिचा आवाज बारीकच होता.

"मामंजी, दोघांना मी माळावर ठेवून आले. हिला तिथं न्यायला लावू नका."

पाटलानं कडं कोनाड्यात ठेवलं. डोक्याचं पागोटं काढलं, कुदळ घेतली आणि परसात गेला.

गावानं पाटलाला कुदळ मारताना कधी पाहिलं नव्हतं. आधी पोरं कुंपणाशी जमली, मग बायका, मग माणसं. कोणी हसलं नाही. संध्याकाळपर्यंत पाटलाच्या हाताला फोड आले होते आणि आणखी नऊ परसांत कुदळी चालू झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली: विहिरीवरच्या उतारावर यापुढं कोणी बसायचं नाही, गुरं बांधायची नाहीत. ज्याला खणणं झेपत नाही, त्याचा खड्डा गाव खणून देईल.

पुढच्या पावसाळ्यात दोन लेकरं आजारी पडली, पण दोन्ही वाचली. त्याच्या पुढच्या वर्षी साथ आलीच नाही. उतारावर गवत माजलं, दगडांच्या बांधाआड पाणी मुरू लागलं. तीन वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. भोवतालच्या गावांच्या विहिरी कोरड्या पडल्या, पण या गावच्या विहिरीला ज्येष्ठातही कमरेइतकं पाणी होतं.

शेजारच्या गावांतल्या बाया घागरी घेऊन आल्या. पाटलानं कोणालाही रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. पाणी भरून झालं की राहीआई त्यांना सावलीत बसवायची, लेकरांची नावं विचारायची आणि मग उतार दाखवायला घेऊन जायची.

तात्पर्य: पाणी आभाळ देतं, पण ते राखणं आणि निर्मळ ठेवणं एकट्यादुकट्याचं नव्हे, साऱ्या गावाचं काम असतं.