ओढ्यापलीकडचा गहू

एका गावात, म्हणजे शेलवाडीत, गजराबाई ढोबळे नावाच्या शेतकरीण राहत होत्या. रान दीड एकराचं, जीभ मात्र दहा एकरांची. मनात आलं की बोलून मोकळ्या.

एके वर्षी ऐन काढणीच्या तोंडावर गारपीट झाली. बोराएवढ्या गारा पडल्या आणि पाऊण तासात गावाचा गहू आडवा झाला. गारांचा पट्टा मात्र ओढ्याशी येऊन थांबला. ओढ्यापलीकडे एकट्या गजराबाईंचं रान होतं. तिथला गहू ताठ उभा राहिला.

सरकारने नुकसानीचं अनुदान जाहीर केलं. तलाठी पंचनाम्याला आले आणि चावडीतच बसून यादी लिहू लागले. रानोरान हिंडायचा त्यांना कंटाळा.

"सगळ्यांचं गेलंय ना?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं!" गाव म्हणालं.

"माझं न्हाई गेलं, भाऊसाहेब," मागून गजराबाई बोलल्या. "गारा वढ्याच्या अलीकडं पडल्या. माझ्या नावापुढं 'नुकसान नाही' असं लिवा."

चावडीतल्या माना मागे वळल्या. सरपंच भिकनराव लगबगीने त्यांच्याजवळ आले. "काकू, वाहत्या गंगेत हात धुऊन घ्या की! आन् तुमचं एकटीचं वाचलं म्हटल्यावर सायब लोक आमच्यावरबी संशय घेतील. गावाच्या तोंडचा घास जाईल."

"ज्याचा घास गेला त्याला मिळू दे बाबा. माझा ताटात हाय. तो सांडला म्हणून कशी सांगू?"

तलाठ्यांनी तसं लिहिलं. त्या दिवसापासून गावाने गजराबाईंशी बोलणं टाकलं. कापणीला एक बाई येईना. गजराबाईंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तरी त्या एकट्याच विळा घेऊन रानात उतरल्या.

आठवड्याने तालुक्याचे साहेब तपासणीला निघाले. आधी ते शेजारच्या गावी गेले. तिथल्या यादीत झाडून सगळ्यांचं नुकसान लिहिलेलं, आणि साहेबांना तर चार रानांत उभा गहू दिसला. त्यांनी अख्खी यादी परत धाडली. सुक्याबरोबर ओलंही जळलं.

ही बातमी त्याच संध्याकाळी शेलवाडीत पोचली. दुसऱ्या दिवशी साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. आडवी रानं बघत बघत ते ओढ्यापर्यंत गेले. पलीकडे गहू उभा होता.

"हे रान कुणाचं? यादीत काय लिहिलंय?"

तलाठ्यांनी यादी पुढे केली. गजराबाई ढोबळे, नुकसान नाही. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि त्यांच्या आठ्या उतरल्या.

"बारा वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा वाचतोय," ते म्हणाले. त्यांनी तिथेच यादीवर मंजुरीची सही केली. मग पलीकडे एकटीने गहू कापणाऱ्या बाईंकडे बघत विचारलं, "कोण आहेत या?"

भिकनराव पुढे झाले. आठवडाभर ज्यांचं नाव त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं, त्यांच्याकडे हात करून छाती फुगवून म्हणाले, "आमच्या काकू हायेत, सायब. शेलवाडीच्या!"

एवढं बोलून त्यांनी धोतर वर खोचलं आणि ओढ्यात पाय घातला. मागोमाग सगळं गाव पेंढ्या बांधायला पाण्यात उतरलं.

तात्पर्य: आपलं वाचलं हे जो खरं सांगतो, त्याच्यामुळे शेजाऱ्याचं गेलेलंही खरं मानलं जातं, एका माणसाचा खरेपणा ही साऱ्या गावाची पत असते.