कार्डाच्या कोपऱ्यातली सही

“मग माझं नाव कुठे येणार?” प्रिस्कानं विचारलं.

पास्कू मास्तरांनी कुंचला पाण्यात बुडवला होता. निळा रंग वाटीत हळूहळू पसरत होता, आणि मास्तर वाटीतच संध्याकाळ होत असल्यासारखे त्याच्याकडे पाहत बसले होते.

“नाही येणार,” ते म्हणाले.

मास्तरांनी चाळीस वर्षं लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. वसईकडच्या त्यांच्या गावात दर नाताळला त्यांच्या एका चित्राचं कार्ड छापलं जाई आणि मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर चर्चबाहेर विकलं जाई. यंदा हात कापू लागला, म्हणून चित्र शिष्येनं काढलं. प्रिस्का गुणी खरी, पण नुकतीच तिची दोन पुस्तकं गाजली होती. नाव झालं की माणसाला ते जिथे तिथे लिहिलेलं हवं असतं.

चित्र मात्र देखणं उतरलं होतं. झोपलेली वाडी, केळीच्या पानांवर चांदणं, आणि एका गोठ्याच्या दारातून अंगणात आलेला उजेड.

“चित्र माझं, आणि आत नाव लिहिणार पाठवणारा,” ती म्हणाली. “घेणाऱ्याला वाटायचं, कार्ड त्याचंच.”

“वाटू दे की.”

“सही नसेल तर मी चित्र देणार नाही, मास्तर.”

बोलून गेली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. छापखान्याचा माणूस चार वाजता यायचा होता.

मास्तरांनी डोळे मिटले. बाहेर दुपार पेंगत होती. त्यांचाही डोळा लागला असावा, असं तिला वाटलं.

मग त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातलं एक जुनं कार्ड तिच्या हातात ठेवलं. एक विहीर, काठाशी दमलेलं गाढव, वर एकच तारा. रेषा तिनं लगेच ओळखली.

“हे तुमचं.”

“बस्त्यावचं,” मास्तर म्हणाले. “माझ्या धाकट्या भावाचं. टपालानं आलं.”

“पण चित्र तर तुम्ही...”

“वाडीच्या वाटणीवरून आमचं फाटलं. बारा वर्षं बोलणं नाही. तो नाशकात. माझं नाव कोणी काढलं तर भरल्या ताटावरून उठायचा. हे कार्ड छापलं त्या वर्षी थोडी कार्डं तिकडच्या चर्चमध्येही विकायला गेली होती.”

तिनं कार्ड उघडलं. आत वेडंवाकडं अक्षर होतं.

‘ही विहीर बघून आपली विहीर आठवली. म्हणून तुला पाठवतो. बस्त्याव.’

प्रिस्कानं ते दोनदा वाचलं. कार्ड उलटंसुलटं करून चारही कोपरे पाहिले. सही कुठेच नव्हती.

अंगणात सायकलची घंटा वाजली. ती उठली, आपलं चित्र पाकिटात घातलं, छापखान्याच्या माणसाच्या हाती दिलं आणि परत येऊन बसली.

“मास्तर, भावाला कळवलंत? चित्र तुमचंच आहे म्हणून?”

मास्तर पुन्हा वाटीतल्या निळ्या पाण्याकडे पाहू लागले होते.

“उत्तर लिहिलं ना,” ते म्हणाले. “लिहिलं, ‘हो रे... अगदी आपलीच वाटते.’”