पटाशीची चिठ्ठी

फार वर्षांपूर्वी एका सुताराने मदतीला लाकडी बाहुला घडवला. चिठ्ठीवर लिहिलेलं असेल तेवढंच त्याला कळायचं. म्हणून सुताराने प्रत्येक हत्याराला आपापली चिठ्ठी लिहायला सांगितलं.

रंध्याने सगळं लिहिलं, अगदी कुठल्या दिशेने चालवायचं तेही. पटाशी त्याच्या कानाशी लागली, "दादा, हा आपली विद्या चोरायला आलाय. मी नाही सांगायची." तिने एवढंच लिहिलं, 'लाकूड कोरते.'

दुपारी बाहुल्याने तिला फळीवर धरून हातोडा मारला. आत खिळा होता. पटाशीची धार तुटली.

"मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

"खिळ्याचं तू लिहिलंच नव्हतंस," बाहुला म्हणाला.

नवी धार लागल्यावर पटाशीने नवी चिठ्ठी लिहिली. पहिलीच ओळ होती, 'आधी खिळा बघ.'