अळूचं कुठलं वाढू?

कोंडवाडीत घरोघरी पर्यटक उतरू लागले, तेव्हा त्यांच्या न्हाणीत अंघोळीला काय ठेवायचं, हे ठरवायला सभा भरली. तीन महिन्यांपूर्वी गावात नमुने वाटून गेलेले सरंजामेसाहेब शहरातून शाम्पूच्या बाटल्या घेऊन आले होते. वैजयंतीच्या महिला गटाची रिठा-शिकेकाईची पूड त्यांनी एका बोटाने बाजूला सारली.

"बाई, जमाना कुठे पोचला! आमचा माल शंभर टक्के नैसर्गिक. मातीला, पाण्याला काडीचा त्रास नाही."

सरपंच मान डोलावू लागले. पूड नाकारली गेली, तर गट मोडणार होता. तरी वैजयंती हसून म्हणाली, "साहेब, दमून आलात. आधी चार घास खा, निवाडा मागाहून."

साहेबांपुढे पान मांडलं. भात वाढून वैजयंतीने झाकलेली दोन पातेली आणली.

"आमच्याकडे न्हाणीचं पाणी परसातल्या अळूला जातं. या पातेल्यात शिकेकाईच्या पाण्यावर वाढलेल्या अळूचं फदफदं आहे, त्या पातेल्यात तुमच्या शाम्पूच्या पाण्यावरच्या. कुठलं वाढू?"

"शिकेकाईचं!" साहेब बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

सभेत हशा पिकला. सरपंच डोळे पुसत म्हणाले, "निवाडा साहेबांनीच केला की! वैजू, उद्यापासून घरोघरी तुझी पूड."

साहेबांनी ओशाळून विचारलं, "आणि मी ते दुसरं मागितलं असतं तर?"

वैजयंतीने दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण उचललं. पातेलं रिकामं होतं.

"पाहुण्याच्या पानात तसलं कोण वाढेल, साहेब?"