बांधाला घाबरलेला मानाजी

फार पूर्वीची गोष्ट. वेळ दसऱ्याच्या सकाळची, सूर्य कासराभर वर आलेला. ठिकाण, एका गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या तळ्याचा मातीचा बांध. त्या वेळी बांधावर एकच माणूस होता. त्याचं नाव मानाजी, आणि तो घाबरलेला होता.

एखादा माणूस घाबरला यात सांगण्यासारखं काय, असं कोणी विचारील. पण त्या गावात कोणी घाबरत नसे. निदान गावाचं म्हणणं तसं होतं, आणि आजूबाजूच्या गावांनी ते तपासून न पाहता मानलं होतं.

गावाला हा लौकिक मिळाला तो तालमीमुळे. तालीम जुनी. ज्या वस्तादाने ती सुरू केली त्याने एक रीत घालून दिली होती. पहाटे कुस्तीच्या हौद्याच्या तांबड्या मातीत पाय टाकण्याआधी प्रत्येकाने कोनाड्यातल्या मारुतीसमोर उभं राहायचं. वस्ताद विचारणार, "काल कशाला भ्यालास?" त्याचं खरं उत्तर द्यायचं, मगच लंगोट कसायचा. ज्याला उत्तर सुचत नसेल त्याने बाहेर ओट्यावर डोळे मिटून बसायचं आणि कालचा दिवस सकाळपासून आठवायचा. मल्लाला दंडबैठका सांगाव्यात तसं त्या वस्तादाने गड्यांना आत डोकावायला सांगितलं होतं. हे त्याला कसं सुचलं, कोणाला ठाऊक नाही.

त्या काळी उत्तरंही तशीच येत. एक जण म्हणाला होता, अंधाऱ्या विहिरीला भ्यालो. दुसरा म्हणाला, बायकोशी खोटं बोललो आणि ते कळेल म्हणून भ्यालो. एक दांडगा गडी सासूला भ्यालो म्हणाला, तेव्हा हौद्यात सगळे पोट धरून हसले, पण त्याची चेष्टा कोणी केली नाही. सासवा सगळ्यांनाच होत्या.

मग एका वर्षी त्या वेळचे पाटील पाहुण्यांना घेऊन तालीम पाहायला आले. समोर एक देखणा गडी उभा होता. कशाला भ्यालास, असं वस्तादाने विचारलं. पाहुण्यांपुढे तो छाती काढून म्हणाला, "कशालाच नाही." पाहुणे खूष झाले. पाटील त्याहून खूष झाले आणि त्यांनी स्वतःच्या फेट्याचा मोत्यांचा तुरा काढून त्याच्या फेट्यात खोवला.

दुसऱ्या दिवशी तालमीत सगळेच कशालाच भ्याले नव्हते.

तेव्हापासून दर दसऱ्याला गावासमोर तो प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी "कशालाच नाही" अशी गर्जना करायची आणि पाटलांनी एकाला तुरा द्यायचा, असं सुरू झालं. वर्षभर रोज पहाटे त्याचीच उजळणी. देवासमोर उभं राहून रोज एक खोटं बोलायचं आणि मग अंगाला माती लावायची, याला त्या गावात शौर्य म्हणत. वस्ताद बदलले, पाटील बदलले. हे काय चाललं आहे, असं कोणी विचारलं नाही.

तालमीला आणखी एक मान होता. तळ्याचा बांध राखण्याचा. गडी पाळीपाळीने सकाळ-संध्याकाळ बांधावर फेरी मारत. बांधाच्या पायथ्याशी खालची आळी होती, चाळीसेक घरांची. तिथल्या बायका बांधाच्या सावलीत वाळवणं घालीत, पोरं बांधाच्या उतारावरून घसरत खेळत. एवढं पाणी डोक्यावर आहे याचा त्यांना कधी घोर नव्हता, कारण बांध शूरांच्या हातात होता.

दसऱ्याच्या सकाळची पाळी मानाजीची होती. त्या वर्षीचा तुरा त्यालाच मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. कुस्तीत त्याची पाठ कोणी लावली नव्हती. घरी आईने नवा फेटा काढून ठेवला होता. वडिलांनी सोयऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. फेरी संपवून पाय धुवायला तो बांधाखाली उतरला.

तिथे पाण्याचा एक झिरा होता. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच, आणि हा झिरा सगळ्यांच्या ओळखीचा होता. मानाजीने ओंजळ धरली. पाणी गढूळ होतं. त्याने ते सोडून दिलं आणि हात पाहिला. तळव्यावर माती राहिली होती.

तो तिथेच उकिडवा बसला. स्वच्छ पाणी येतं तेव्हा नुसतं पाणी येतं. गढूळ येतं तेव्हा ती माती कुठून येते? बाहेरून तर नाही, बाहेर कातळ होता. म्हणजे ती आतून येत होती. आतून येत असेल तर आत काय उरलं असेल? त्याने मागे वळून खालच्या आळीकडे पाहिलं. दारांना तोरणं लावणं चाललं होतं.

मग त्याला दुसरं एक कुतूहल वाटू लागलं, आणि ते पहिल्यापेक्षा विचित्र होतं. आपण पैलवान, अंगात एवढं बळ, मग उठून पळत जाऊन हे कोणाला सांगावं असं का वाटत नाही? उलट, हे पाहिलंच नाही असं का करावंसं वाटतं? त्याने डोळे मिटले आणि आत पाहिलं. तिथे बांधाची भीती होती, पण तिच्यापेक्षा मोठी भीती तुरा हुकण्याची होती.

तो तालमीत पोचला तेव्हा गाव जमलेलं होतं. पाटील लोडाला टेकून बसले होते. एकेक गडी मारुतीसमोर येत होता, वस्ताद विचारत होते, "कशालाच नाही" असा आवाज उठत होता आणि लोक मान डोलवत होते. वस्ताद आता थकले होते. प्रश्न विचारताना ते गड्याकडे पाहतही नव्हते.

मानाजीची पाळी आली.

"काल कशाला भ्यालास?"

"कालचं नाही, वस्ताद. आजचं सांगतो. मी बांधाला भ्यालो."

ओट्यावर बसलेला केरबा बोलला. केरबा मानाजीचा जोडीदार, हाताने जेवढा चपळ तेवढाच जिभेने. "बांधाला? काय रे मान्या, बांध चावला का तुला?" झालं, सगळी तालीम खदखदू लागली. कोणी म्हणालं, फेट्याऐवजी याला लुगडं नेसवा. कोणी म्हणालं, उद्या हा तांब्यातल्या पाण्यालाही भिईल. मानाजीच्या वडिलांनी मान खाली घातली, ती पुन्हा वर केली नाही.

मानाजीने झिऱ्याचं सगळं सांगितलं. तळहातही दाखवला. पण तोवर तो वाळला होता आणि तालमीत मळलेल्या तळहाताचं कोणाला काय?

पाटील वस्तादांना म्हणाले, या पोराला बाजूला करा आणि पुढचा बोलवा. वस्ताद मात्र मानाजीकडे बघत राहिले. फार वर्षांत त्यांनी कोणाकडे असं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी असं काही विचारलं, जे तरण्या पोरांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"मग काय केलंस?"

गर्दीतले दोनचार म्हातारे चपापले. त्यांना ते आठवलं. मूळ रीतीत एक नाही, दोन प्रश्न होते. कशाला भ्यालास, आणि मग काय केलंस. पहिल्याचं उत्तर "कशालाच नाही" असं येऊ लागल्यावर दुसरा विचारायची गरजच उरली नव्हती. हळूहळू तो आहे हेही लोक विसरले.

"अजून काही नाही केलं," मानाजी म्हणाला. "काय करायचं ते विचारायलाच आलो."

"सांडवा उतरवायचा," वस्ताद म्हणाले. "दगड काढून पाणी ओढ्याला सोडायचं. बांधावरचा भार कमी झाला की आत काय आहे ते कळेल."

आता पाटील लोडावरून उठले. तळं काठोकाठ भरलेलं, रब्बी त्यावर उभी राहणार, आणि हे म्हणतात पाणी सोडा. त्यांचा आवाज चढला. "एका पोराच्या भीतीपायी सगळ्या गावाची रब्बी घालवू?"

"पाटील," मानाजी म्हणाला, "माझी भीती खोटी ठरली तर रब्बी जाईल. तुमचा धीर खोटा ठरला तर खालची आळी जाईल."

यावर हसायला कोणी तयार नव्हतं. पण उठायलाही कोणी तयार नव्हतं. बांध राखायचा मान तालमीचा, त्यामुळे वस्तादांना अडवायचा अधिकार पाटलांना नव्हता. पण वस्तादांच्या मागे जायची सक्तीही कोणावर नव्हती. शेवटी एक म्हातारा आणि एक तरणा असे दोघेच कुदळी घेऊन निघाले. मागून केरबाचं चालूच होतं, दोन शूर चालले तळ्याशी कुस्ती खेळायला.

वाटेत मानाजी आधी खालच्या आळीत गेला. देवळाच्या टेकाडावर चला, असं दारोदार सांगू लागला. गिरजामावशी दारात पुरणाचं पातेलं घेऊन उभी होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बांध तुम्हा शूरांचा, आणि सणाच्या दिवशी पळायचं आम्ही?"

मानाजी म्हणाला, "मावशी, मी भ्यालोय. म्हणून सांगतोय."

तालमीतल्या माणसाच्या तोंडून हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. मग तिने पातेलं काखोटीला मारलं आणि शेजारणीला हाक दिली. तालमीचा गडी भ्यालोय म्हणतो, म्हणजे काहीतरी खरं असणार, असं ती म्हणाली. सगळी आळी शेळ्या, पोरं आणि अर्धामुर्धा शिजलेला सण घेऊन टेकाडावर चढली.

सांडव्याचे दगड जड होते. दोघांच्यानं एक दगड हलेपर्यंत सूर्य माथ्यावर आला. तेवढ्यात चेष्टा करायला केरबा आलाच. आधी तो झिऱ्याकडे उतरला, मानाजीची नक्कल करत ओंजळ धरली आणि वर उभ्या असलेल्या चारदोन गड्यांना दाखवायला तळवा पुढे केला. मग त्याने स्वतः तो पाहिला. पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा पाहिला. त्याने धोतर वर खोचलं आणि सांडव्याकडे धावला. त्याच्यामागे बाकीचे आले. संध्याकाळपर्यंत सांडवा उतरला आणि पाणी ओढ्याने गावाबाहेर वाहू लागलं. त्या दसऱ्याला सीमोल्लंघनाला कोणी गेलं नाही.

बांध फुटला नाही.

त्यामुळे मानाजी चुकला असं म्हणायला गाव मोकळं झालं. पाणी उतरत गेलं तसं लोकांचं बोलणं वाढत गेलं. तुरा पाटलांनी कोणालाच दिला नाही. मानाजीच्या घरी सोयरे आले, जेवले आणि हात धुऊन लगेच निघाले. त्या दिवसांत तो तालमीच्या ओट्यावर एकटा बसे. एकदा वस्ताद शेजारी येऊन बसले, तेव्हा त्याने विचारलं, "वस्ताद, तुम्ही त्या दिवशी कशाला भ्यालात?"

"तू बोलायला लागलास आणि मला वाटलं, याने गप्प बसावं. त्या वाटण्याला भ्यालो," वस्ताद म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. तरुणपणी काढलेल्या जोरांनी आज दंड भरत नाही, असं ते म्हणाले. रोज काढावे लागतात. धैर्याचंही तसंच आहे. सत्याचं, दयेचंही. आपण एकदा शूर झालो आणि मेहनत सोडली.

पाणी बरंच खाली गेलं तेव्हा बांधाच्या आतल्या अंगाला माणूस शिरेल एवढं भोक दिसू लागलं. केरबा आत शिरला. आत एक माणूस मांडी घालून बसेल एवढी पोकळी होती. तिथून त्याने हाक मारली, आणि ती हाक बांधाच्या दुसऱ्या बाजूला, अगदी खालच्या आळीच्या अंगणात उमटली. गिरजामावशी तिथेच उभी होती. बांधातून माणूस बोलतो आहे हे ऐकून ती आधी दचकली, मग झिऱ्याला तोंड लावून म्हणाली, "केरबा, आता तरी भ्यालास का रे?"

"भ्यालो, मावशी," आतून आवाज आला.

गावाने सगळं डोळ्यांनी पाहिलं. पाटीलही येऊन पाहून गेले. रब्बी गेली ती गेलीच, ते वर्ष लोकांनी ओढाताणीत काढलं. पण तालमीत दुसऱ्या दिवसापासून दोन्ही प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि पहाटे हौद्यात उतरायला गड्यांना उशीर होऊ लागला, कारण ओट्यावर डोळे मिटून बसणाऱ्यांची गर्दी होऊ लागली.

तात्पर्य: आपण कशाला भ्यालो हे जो स्वतःला रोज खरं सांगतो, त्याचंच पाऊल वेळ आली म्हणजे पुढे पडतं. धैर्य हा एकदा मिळवून जपून ठेवायचा मान नाही, रोजची मेहनत आहे.

मुलांसाठी गोष्ट इथे संपली. मोठ्यांसाठी थोडी राहिली आहे.

बांध दुरुस्त करताना झिऱ्याचं तोंड उकरलं, तेव्हा आत खोल कोंबलेले बोळे निघाले. गवत आणि चिकणमाती कापडात बांधून, आत दाबून बसवलेली. कापड तालमीच्या लंगोटाचं होतं. काही बोळ्यांचं कापड कुजून धागे उरले होते, काहींचं अजून धड होतं, आणि सगळ्यांत वरच्याचा रंगसुद्धा उडाला नव्हता. गाठी वेगवेगळ्या हातांच्या होत्या. म्हणजे हा झिरा गढूळ झालेला मानाजीच्या आधी अनेकांनी पाहिला होता, त्यात माती कुठून येते हे त्यांना कळलं होतं, आणि तो गुपचूप बुजवून ते पहाटे मारुतीसमोर "कशालाच नाही" म्हणाले होते. वस्तादांनी ते बोळे कोनाड्याखाली मांडून ठेवले आणि सगळ्या गावाला विचारलं, हे कोणाचे?

अजून कोणी पुढे आलेलं नाही.