तिवरखिंडीतला विचारणीचा दगड

खिंडीच्या माथ्यावर हा सपाट काळा दगड आहे ना, त्यावरच बसा. भोवती गवती चहाची बेटं आहेत, म्हणून तो उन्हानं तापत नाही. चहा देतो, पण आधी सांगा, सकाळपासून पोटात काय गेलंय? हसू नका. घाट चढून आलेल्या माणसाला हे विचारल्याशिवाय इथं पेला हातात द्यायचा नसतो. का, ते सांगतो. मी शाळा शिकलेलो नाही, जसं ऐकलं तसं सांगतो.

फार मागं, ही सडक नव्हती तेव्हा, बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या टाकून माणसं कोकणातनं वर यायची. त्यांतला एक सटवाजी. त्याची बायको ठकूबाई इथंच, या माथ्यावर, एकटी झोपडीत राहायची. शेजार म्हणजे वारा, दुसरं कुणी नाही. सटवाजी महिन्यातनं दोनदा यायचा, दोन दिवस राहायचा आणि परत उतरायचा.

त्याचं पोट फार नाजूक होतं म्हणे. तिखट चालायचं नाही, आंबट चालायचं नाही. तो आला की ठकूबाई गवती चहाची पानं पाण्यात जराशी उकळून, गुळाचा खडा टाकून द्यायची. त्यानं त्याला बरं वाटायचं.

एका साली वाण्याकडं चहापूड आली. या मुलखानं ती तोवर पाहिली नव्हती. ठकूबाईनं एक कोंबडी देऊन पुडी आणली. आमच्याकडं पाहुण्याला पातळ काही देणं म्हणजे त्याला कमी लेखणं. तिनं पूड काळी होईस्तोवर उकळली, वर सुंठ आणि मिरी घातली.

"घ्या, साहेबाच्या घरचा चहा आहे," ती म्हणाली.

"मग आता मला खुर्ची आण बसायला," तो हसून म्हणाला आणि प्याला.

त्या दिवशी त्याचा उपास होता. आदल्या दिवसापासून पोटात अन्नाचा कण नव्हता. पण बायको इतक्या हौसेनं उभी, तिला काय सांगायचं? दोन दिवस तो तसाच कडक चहा पीत राहिला आणि गुमान घाट उतरून गेला.

पुढच्या खेपेला बैल वर आले, सटवाजी आला नाही. त्याचा सोबती हैबती आला. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, पोटात आग आग म्हणत होता. वैद्य यायच्या आतच गेला. जाताना बोलला, ठकूला चहाचं सांगू नका."

आणि तेच हा बाबा सांगून बसला.

चहानंच झालं, असं कुणी म्हणत नाही. दुखणं जुनंच होतं. पण ठकूबाईच्या मनानं ते धरलं ते धरलंच. आपण विचारलं असतं तर, एवढंच ती म्हणायची. मग तिनं या दगडाला हात लावून शपथ घेतली, की न विचारता कुणाला काही पाजणार नाही.

असं सांगतात की ती सकाळी उपाशीपोटी स्वतःच एकेक काढा पिऊन बघायची. चहापुडीनं जळजळलं. सुंठीनं पोट तापलं. पुदिन्यानं आंबट ढेकर आले. ओवा जेवणानंतर बरा, रिकाम्या पोटी नाही. गवती चहाची दोन पानं आणि चिमूटभर बडीशेप, तेवढं मात्र निवांत बसलं. तीच बेटं तिनं दगडाभोवती लावली. कोण उपाशी, कोण जेवून आलेला, कुणाचं पोट बिघडलेलं, सगळ्यांना विचारायची आणि ज्याला जे सोसेल ते द्यायची.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. माणसं यायची, दोन घोट प्यायची, उतरून जायची. संध्याकाळी पुन्हा ती आणि वारा.

मग एकदा म्हातारा झालेला हैबती वर आला. तिनं विचारलं, त्यानं सांगितलं, तिनं दिलं. पेला खाली ठेवता ठेवता तो सहज म्हणाला, "आणि वहिनी, तुम्ही काय खाल्लंत?"

ठकूबाई म्हणाली, "भाऊजी, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं." त्या दिवशी चूल चहासाठीच पेटली होती, भाकरीसाठी नव्हती. हैबतीनं आपली शिदोरी सोडली. दोघं याच दगडावर बसून जेवली. ती रडत होती आणि जेवत होती, असं म्हणतात.

तेव्हापासून रिवाज दोन्ही बाजूंनी झाला. देणाऱ्यानं आधी विचारायचं आणि पिणाऱ्यानं उठायच्या आधी. आजही बेटं तीच आहेत, कापली की पुन्हा फुटतात. आजही इथला माणूस विचारल्याशिवाय पेला देत नाही. दुसरी बाजू मात्र लोक विसरत चालले. गाडी खाली उभी असते, घाई असते.

तुम्ही भाकरी खाऊन आलात म्हणता, मग गवती चहाच घ्या, पण सावकाश. मला काही घाई नाही. तुमचा पेला होईपर्यंत मी इथंच बसलोय.